मोटारीचा अडत्या

माझे साडू अकोल्याला सरकी-ढेपेचा व्यापार करतात. बोलण्यापेक्षा हिशेब करणे त्यांना अधिक आवडते. गेल्या दिवाळीत ते आमच्याकडे अमरावतीला आले, फराळाची बशी हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न त्यांनी टाकला तो असा : "भाऊ, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. मले एक सांगा, विजेची मोटार कंपनीकडून सरळ घेता येते म्हणतात. मधात डीलर नाही, कमिशन नाही. मंग मानसानं डीलरकडे जावंच कायले?"

प्रश्न वरवर सोपा दिसतो. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने तो विचारला असता, तर मध्यस्थ गेला की किंमत उतरते, हे पुस्तकातले उत्तर मी फळ्यावर लिहून मोकळा झालो असतो. परंतु साडूंना ते उत्तर देणे अवघड होते, कारण ते स्वतःच मध्यस्थ आहेत आणि मध्यस्थ नेमके काय करतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यांना गाडी घ्यावयाची आहे, पैसे तयार आहेत. आठवड्यातून तीनदा अकोला-मूर्तिजापूर-अमरावती अशी त्यांची फेरी असते. तेव्हा उत्तर चुकले तर नुकसान त्यांचे होणार आणि टोमणे आयुष्यभर मला ऐकावे लागणार. म्हणून मी त्या दिवशी "पाहून सांगतो" एवढेच म्हणालो. पाहता पाहता जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

वाचकहो, वऱ्हाडच्या माणसाला हा प्रश्न खरे म्हणजे नवा नाही. माल सरळ विकावा की मधल्या माणसामार्फत विकावा, आणि ह्या व्यवहारात कायद्याने कोणाच्या बाजूला उभे राहावे, हा वाद ह्या मुलखात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. फक्त तो मोटारीचा नव्हता, कापसाचा होता. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ कारंजा येथे १८८६ साली, हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने सुरू झाली, असे सर्व ग्रंथांतून सांगितले जाते. तेच कारंजा लाड, जे आज वाशीम जिल्ह्यात आहे आणि ज्याच्या जवळून आता समृद्धी महामार्ग जातो. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्याने काय केले? बाजाराची जागा ठरविली, तीवर देखरेख करणारी समिती नेमली, दलाल, तोलारी आणि मापारी ह्यांना परवाने घ्यावयास लावले, आणि ठरलेल्या बाजाराच्या आसपास दुसरा बाजार मांडण्यास बंदी केली. हेतू शेतकऱ्याच्या कल्याणाचा होता असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना बिनभेसळीचा कापूस रास्त भावात हवा होता, हे त्यामागचे मोठे कारण. पण कायदा कोणत्याही हेतूने येवो, तो आला की त्याचा उपयोग करून घेणारे लोक तयार होतात. अडत्या त्या कायद्याने गेला नाही. उलट त्याला बिल्ला मिळाला.

हाच बिल्ला १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार समिती कायद्यातही राहिला. मग एके दिवशी सरकारने ठरविले की मधला माणूस हवाच कशाला! १९७१ चा कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस विकावयाचा तो सरकारी केंद्रावरच. खाजगी व्यापाऱ्याला देणे हा गुन्हा, राज्याच्या सीमेपलीकडे नेणे हाही गुन्हा. ही योजना जवळजवळ तीस वर्षे चालली.

तिची माझी आठवण अगदी जवळची आहे. आमची शेती दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. मी सातवीत असताना वडिलांबरोबर कापसाची बंडी घेऊन केंद्रावर गेलो होतो. रांगेत आमच्यापुढे किती बंड्या होत्या ते मोजण्याचा मी प्रयत्न केला आणि दीडशेच्या पुढे कंटाळलो. दोन रात्री आम्ही बंडीवर, कापसातच झोपलो. डिसेंबरची थंडी होती, पण कापसाची ऊब अशी की अजून ती मला गादीत सापडलेली नाही. तिसऱ्या दिवशी ग्रेडरने मूठभर कापूस उचलला, दोन बोटांनी ओढून पाहिला आणि एक प्रत खाली लावली. वडिलांनी हुज्जत घातली नाही. घालणार कोणाशी? शेजारी दुसरा काटा नव्हता, दुसरा घेणारा नव्हता. चुकारा मिळावयास उन्हाळा उजाडला. येताना रिकाम्या बंडीवर ते म्हणाले, ते मला जसेच्या तसे आठवते : "अडत्या लुटे, पन रातच्यानं दार ठोकलं त उठून बसे. ह्या खिडकीले दारच नाही."

योजनेच्या विरुद्ध बोलावे म्हणून मी हे सांगत नाही. भाव कोसळलेल्या वर्षी ह्याच योजनेने अनेकांची घरे तगवली, हे आमच्या गावातील कोणीही सांगेल. पण 'सरळ विक्री' हा शब्द मी ऐकतो तेव्हा मला ती खिडकी दिसते, एवढे मात्र खरे.

आता मोटारीकडे येऊ. आणि मोटारीकडे यावयाचे तर आधी अमेरिकेत जाऊन यावे लागते, कारण हा झगडा कायद्याच्या रणांगणात पहिल्यांदा तेथे उभा राहिला. १९२० च्या अखेरीस तेथे मंदी आली. हेन्री फोर्डवर कर्ज होते आणि फेडीची मुदत जवळ आली होती. त्याने काय करावे? कारखान्यातील गाड्या भराभर तयार करून, न मागता डीलरांच्या दारात नेऊन उभ्या केल्या आणि माल पोचताच रोख रक्कम मागितली. नाही म्हणावे तर डीलरकी जाते. बिचाऱ्यांनी आपापल्या गावच्या बँकांतून कर्जे काढली आणि फोर्डचे कर्ज फिटले! असले प्रकार वाढत गेले तेव्हा एकेका राज्याने डीलरच्या रक्षणासाठी कायदे केले. विस्कॉन्सिनने १९३७ साली सुरुवात केली. १९५६ साली सबंध देशासाठी एक कायदा झाला आणि कंपनीने दगा दिल्यास डीलरला न्यायालयात जाण्याची वाट त्याने मोकळी केली. पुढे बहुतेक राज्यांत असा नियम झाला, की ज्या कंपनीचे डीलर आहेत तिने स्वतःचे दुकान काढून त्यांच्याशी स्पर्धा करू नये. न्याय्यच गोष्ट आहे. कोणी आपल्या पैशाने जागा घ्यावी, नोकर ठेवावे, गावात गाडीचे नाव करावे. आणि नाव झाले की कंपनीने समोरच स्वतःचे दुकान थाटावे, हे कोणाला पटेल?

पण मग टेस्ला आली. ह्या कंपनीने डीलर कधी नेमलेच नाहीत. २००८ पासून स्वतःच्याच दुकानांतून गाड्या विकल्या. ज्याला डीलर नाही तो कोणत्या डीलरशी स्पर्धा करतो, हा प्रश्न उभा राहिला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, की हा कायदा डीलरला त्याच्या स्वतःच्या कंपनीपासून वाचविण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या कंपनीपासून नव्हे. न्यू जर्सीने त्याच वर्षी मार्चमध्ये सरळ विक्री बंद केली आणि पुढच्या वर्षी कायदा बदलून मर्यादित दुकानांना परवानगी दिली. मिशिगनची गोष्ट तर भाषेच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगावी अशी आहे. तेथील कायद्यात, कंपनीने 'आपल्या' डीलरांमार्फतच विक्री करावी अशा अर्थाचे कलम होते. २०१४ साली त्यातील 'आपल्या' हा एकच शब्द गाळण्यात आला. झाले! ज्याला आपले डीलर नाहीत त्याचाही रस्ता त्या एका शब्दाने अडला. शेवटी जानेवारी २०२० मध्ये तडजोड झाली, आणि तिच्यातला एक भाग मला महत्त्वाचा वाटतो : मिशिगनमध्ये गाडी दुरुस्त करण्याची सोय कंपनीला, दुय्यम कंपनीमार्फत का होईना, करता येऊ लागली. टेक्सासमध्ये आणखी मौज आहे. तेथे टेस्लाचा प्रचंड कारखाना आहे, पण त्याच राज्यातील तिच्या दालनात गेलात तर तेथील माणूस तुम्हाला गाडी दाखवील. किंमत सांगणार नाही की फेरी मारू देणार नाही. किंमत पाहावयाची ती आपली आपण संगणकावर.

हे सारे वाचून साडूंनी मला फोनवर विचारले, "म्हंजे आपल्याकडे बी डीलरवाल्यांनी कायदा करून ठेवला असन?"

नाही. येथेच आपली गोष्ट अमेरिकेहून वेगळी होते. कंपनीने डीलरमार्फतच मोटार विकावी असा कायदा आपल्या देशात नाही. कंपनी आणि डीलर ह्यांचे नाते १८७२ च्या करार कायद्याने आणि त्या दोघांत झालेल्या कागदाने बांधलेले असते. तो कागद कंपनीच्या वकिलाने लिहिलेला असतो, हे सांगावयास नको. एका काळी सरकार ह्या व्यवहारात होते. १९५९ साली मोटारींच्या आणि १९६० साली स्कूटरच्या वाटपाचे व विक्रीचे नियंत्रण आदेश निघाले होते. मागणीची नोंद वहीत करावयाची आणि क्रमाने गाडी द्यावयाची. आमच्या आधीच्या पिढीने स्कूटरसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली ती त्या काळात. टंचाई संपली आणि ते आदेशही इतिहासजमा झाले. पण डीलरला कंपनीपासून वाचविणारा कायदा मात्र तेव्हाही झाला नाही आणि पुढेही नाही. मोटार विक्रेत्यांची अखिल भारतीय संघटना १९६४ पासून आहे आणि गेली काही वर्षे ती हीच मागणी करीत आहे. जनरल मोटर्सने २०१७ साली देशातली विक्री थांबविली, फोर्डने २०२१ साली येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा कर्ज काढून दालने उभारलेल्या विक्रेत्यांना कळले, की आपल्या हातात करारपत्राच्या प्रतीशिवाय काही नाही.

मग सरळ विक्रीला आपल्याकडे काही आडकाठीच नाही काय? आहे, पण ती दुसऱ्या वाटेने येते. १९८८ चा मोटार वाहन कायदा म्हणतो, नोंदणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणावयाची नाही. परंतु दुकानातली गाडी विकली जाईपर्यंत नोंदलेली नसते, आणि तरी तिला गोदामातून दुकानात, दुकानातून गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी रस्त्यावर न्यावेच लागते. त्यासाठी १९८९ च्या केंद्रीय नियमांत ट्रेड सर्टिफिकेट नावाचा कागद ठेवला आहे. साध्या मराठीत व्यापार-प्रमाणपत्र म्हणू. हा कागद ज्या भागात दुकान आहे तेथील आर.टी.ओ. देतो. म्हणजे अमरावतीचे दुकान असेल तर एम.एच. २७ च्या कचेरीतून, अकोल्याचे असेल तर एम.एच. ३० च्या. २०२२ साली ह्या नियमांत मोठे बदल झाले, मुदत एका वर्षाची पाच वर्षे झाली, अर्ज संगणकावरून करावयाचा झाला. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या : हा कागद विक्रेत्याला मिळतो तसा गाडी बनविणाऱ्यालाही मिळू शकतो. म्हणजे कायदा सरळ विक्री अडवीत नाही. तो फक्त म्हणतो, दुकान मांडावयाचे तर ह्या गावच्या कचेरीत आपले नाव सांगून मांडा. १८९७ च्या कायद्यातल्या बिल्ल्याची आठवण मला येथे झाली.

आणि ह्याच कागदावरून २०२५ साली महाराष्ट्रात गाजावाजा झाला. ओला इलेक्ट्रिक ही कंपनी २०२१ पासून विजेच्या स्कूटर विकते. पारंपरिक डीलर तिने नेमले नाहीत, स्वतःचीच दालने उघडली आणि ती थोड्या काळात हजारोंच्या घरात नेली. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुण्याकडील तिच्या दालनांची आर.टी.ओ.च्या पथकांनी तपासणी केली, आणि पुढे परिवहन खात्याने राज्यभरच्या कचेऱ्यांना कारवाई करण्यास सांगितले. खात्याचा मुद्दा, प्रत्येक दुकानाला स्वतंत्र प्रमाणपत्र पाहिजे. कंपनीचे म्हणणे असे, की नोंदणी न झालेल्या गाड्या आपल्या वितरण केंद्रांत व गोदामांत असतात आणि तेथील कागद नियमाप्रमाणे आहेत. दोन्ही बाजू ऐकल्या तर वाद किती खोल आहे ते दिसते. दुकान म्हणजे काय? जेथे माल आहे ते, की जेथे गिऱ्हाईक आहे ते? ज्या दालनात एक नमुन्याची गाडी, एक टेबल आणि एक पगारी तरुण आहे, त्याला कायद्याने दुकान म्हणावे की जाहिरात? आमच्या कापूस बाजारातही हाच वाद होता. खेड्यात जाऊन, शेतकऱ्याच्या अंगणात कापूस मोजून घेणाऱ्याला बाजाराचा नियम लागतो की नाही, ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली.

जाता जाता एक सांगतो. अकोल्याच्या टिळक रोडपासून आमच्या बडनेऱ्यापर्यंत सायकलच्या आणि मिक्सरच्या दुकानांतूनही विजेच्या लहान गाड्या मांडलेल्या दिसतात. ज्या गाडीचा वेग तासाला २५ किलोमीटरच्या आत आणि शक्ती २५० वॅटच्या आत, ती नियमाप्रमाणे मोटार वाहनच नव्हे. तिला नोंदणी नाही की ते प्रमाणपत्र नाही. तेथे कोणीही विकावे, कोणीही घ्यावे. पण त्यांपैकी एखादी चाळीसच्या वेगाने आपल्या पुढून गेली, तर तिच्यात काही गडबड आहे असे खुशाल समजा.

परदेशी कंपनीला आणखी एक दार ओलांडावे लागते. एकाच नावाचा माल किरकोळ विकणाऱ्या दुकानात परदेशी भांडवल किती असावे, ह्याचे नियम आहेत. २०१८ पासून पूर्वपरवानगीशिवाय शंभर टक्के भांडवल घालता येते, पण वाटा ५१ टक्क्यांच्या पुढे गेला तर खरेदीपैकी ३० टक्के माल भारतातून घेण्याची अट लागते. टेस्लाचे पहिले दालन १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. मधे डीलर नाही. साडूंच्या हिशेबाने गाडी स्वस्त मिळावयास हवी होती. पण तेव्हा तिची किंमत साठ लाखांच्या घरात होती आणि अमेरिकेत तीच गाडी चाळीस लाखांच्या आत पडत होती, कारण बाहेर तयार झालेल्या गाडीवर आपल्याकडे जबर आयात जकात आहे. ज्या ठिकाणी सरकारच एवढे मोठे भागीदार, तेथे डीलरचे कमिशन वाचले काय आणि न वाचले काय! मोटारीवर डीलरचा वाटा शेकडा दहाच्या आतच असतो. तेवढा सगळा वाचला तरी तो गिऱ्हाइकाच्या खिशात येईल असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तो कंपनीच्या खिशात राहू शकतो.

मर्सिडीज-बेंझने एक मधला मार्ग काढला आहे. तिचा कारखाना आपल्या चाकणला आहे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तिने अशी पद्धत आणली, की गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, बिल कंपनीच्या नावाचे, किंमत सबंध देशात एक. आणि जुने डीलर राहिले ते गाडी दाखविणारे, हाती देणारे व दुरुस्त करणारे म्हणून. त्यांना ठरलेला मोबदला. डीलर गेला नाही, त्याचा अडत्या झाला. खरा, जुन्या अर्थाचा अडत्या. माल दुसऱ्याचा, आपली फक्त अडत.

आता विजेच्या गाडीचीच ही कथा का, हे सांगितले पाहिजे. पेट्रोलच्या गाडीला दर काही महिन्यांनी तेल बदलावे लागते, गाळण्या बदलाव्या लागतात, क्लच झिजतो. डीलरची खरी मिळकत विक्रीपेक्षा ह्या दुरुस्तीवर चालते. विजेच्या मोटारीत इंजिनच नाही. फिरणारे भाग थोडे, झिजणारे त्याहून थोडे. म्हणजे डीलरने ती गाडी मन लावून विकली तर तो आपल्याच दुरुस्तीच्या धंद्याच्या मुळावर उठतो. म्हणून ह्या गाड्यांच्या नव्या कंपन्यांना वाटते, की मधला माणूस आपला माल मनापासून विकणार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शोरूममध्ये विजेची गाडी विचारली असता "साहेब, पेट्रोलचंच घ्या, रिसेल चांगला आहे" हा सल्ला मी स्वतः ऐकला आहे.

पण थोडे भाग म्हणजे बिघाडच नाही असे नव्हे. माझ्या एका सहकाऱ्याने मोबाइलवरून विजेची स्कूटर मागविली. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. गाडी छान होती. वर्षभर त्यांनी आम्हा सगळ्यांना हिणवले. मग एका मे महिन्यात ते मूर्तिजापूरला सासुरवाडीस निघाले. तो रस्ता आपल्याला ठाऊक आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना ह्या भागात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा एकेरी पट्टा टाकून ज्याने जगात विक्रम केला, तोच. त्या विक्रमी रस्त्यावर भर दुपारी गाडी थांबली आणि पडद्यावर एक आकडा दिसू लागला. शेजारच्या गॅरेजवाल्याने हात जोडले : "सर, हे खोलता येत नाही. याले त्यांचा काम्पुटर लागते." कंपनीला फोन केला तर गोड आवाजात तक्रार क्रमांक मिळाला. दुरुस्तीचे केंद्र नागपुरात. गाडी मालवाहू टेंपोतून नेली, ती एकोणीस दिवसांनी परत आली. बिघाड किरकोळ होता, पैसेही घेतले नाहीत. पण त्या एकोणीस दिवसांत ज्याच्या दारात जाऊन आवाज चढवावा असा एकही माणसाचा चेहरा त्यांना सापडला नाही. ते मला स्टाफरूममध्ये हे सांगत होते आणि मला वडिलांची खिडकी आठवत होती.

म्हणून माझे मत असे झाले आहे. अमेरिकेसारखा, डीलरशिवाय विकूच नका म्हणणारा कायदा आपल्याला नको. तो ज्यांच्यासाठी केला त्यांचे रक्षण करता करता गिऱ्हाइकाच्या वाटेत काटेरी कुंपण होऊन बसला. पण ट्रेड सर्टिफिकेट देताना, ज्या जिल्ह्यात गाड्या विकावयाच्या त्या जिल्ह्यात त्या दुरुस्त करण्याचे एक दार उघडे ठेवलेच पाहिजे, अशी अट का घालू नये? दार कंपनीचे असो, डीलरचे असो, की कंपनीने शिकवून तयार केलेल्या आपल्याच गॅरेजवाल्याचे असो. ज्यांचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातो त्या अकोल्यात बॅटरीची गाडी विकणाऱ्याने हा भार उचलावा, ह्यात अन्याय काय आहे? आणि डीलर नेमावयाचा असेल तर कंपनीने जाताना त्याला पुरेशी आगाऊ सूचना आणि उरलेल्या मालाची, सुट्या भागांची परतफेड द्यावी, एवढे तरी कायद्यात यावे. डीलर बुडाला की त्याने विकलेल्या गाड्यांचे मालकही अर्धे बुडतात.

तोपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात जे आहे ते त्याने वापरावे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे, आणि त्यात एक मोठी सोय आहे : कंपनी बंगलोरची असो की दिल्लीची, गिऱ्हाईक जेथे राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे अकोल्याच्या माणसाने अकोल्यातच. सदोष मालाबद्दल माल बनविणाऱ्याला जबाबदार धरण्याचे स्वतंत्र प्रकरणही त्या कायद्यात आहे. सरळ विक्रीत हे अधिकच उपयोगी पडते, कारण तेथे कंपनीला "तो डीलरचा दोष" असे म्हणून हात झटकता येत नाहीत. मात्र बिल, मागणीचा संदेश, तक्रार क्रमांक हे सारे जपून ठेवलेले असावे. मोबाइल बदलला की तेही गेले, असे होऊ देऊ नये.

हे सगळे मी साडूंना संक्रांतीच्या दिवशी अकोल्याला जाऊन सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. ते म्हणाले, "म्हंजे कंपनी की डीलर हे पाहायचंच नाही. गाडी बंद पडली त अकोल्यात कोन उठून येते, हे पाहायचं." मी हो म्हणालो. लगेच ते मला घेऊन एका दुकानात गेले आणि काउंटरवरच्या मुलाला त्यांनी गाडीची किंमत विचारावयाच्या आधी ट्रेड सर्टिफिकेट विचारले. मुलगा बावरला, आत गेला आणि चहा घेऊन आला. चहा संपल्यावर मालक स्वतः आले. भिंतीवरची चौकट काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मुदत अजून दोन वर्षे होती. मग साडूंनी दुरुस्तीची जागा पाहू म्हटले. मागच्या बाजूला एक गाडी वर उचललेली होती, तिच्याखाली पॉलिटेक्निकमधून निघालेला एक पोरगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. साडूंनी त्याला विचारले, रविवारी येतोस काय? तो म्हणाला, "फोन केला त येतो न काका, इथं डाबकी रोडलेच रायतो."

तेव्हा कोठे त्यांनी किंमत विचारली.